जुन्या मोटारीचे तेल



या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक विषयांवर विद्वानांची भाषणे आपण ऐकली आहेत. त्यांच्या मानाने आमचा आजचा विषय फारच तेलकट आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारीच्या तेलावर काय बोलायचे, असे चालकांपैकी एका गृहस्थांनी आम्हांला विचारलेही. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, की कामगारांच्या प्रश्नांवर आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहोत. पण आम्ही ज्या शाळेत शिकलो तिच्याबद्दल बोलण्याचा योग अजून आलेला नाही. ती शाळा म्हणजे एक गॅरेज होते.

१९८२ सालच्या १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. संप लांबला, घरातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून गेली, आणि पुढच्या वर्षी सातवीची परीक्षा देऊन आम्ही टॅक्सीदुरुस्तीच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. त्या काळी मुंबईची टॅक्सी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी. लोक तिला फियाटच म्हणत. पोऱ्याचे पहिले काम म्हणजे गाडीखाली आडवे होऊन चेंबरचा नट काढायचा आणि गरम तेल अंगावर न घेता डब्यात धरायचे. इंग्रजी अक्षरांची ओळख शाळेत अर्धी राहिली होती, ती आम्ही तेलाच्या डब्यांवरून पुरी केली. 'एसएई' ही तीन अक्षरे, पुढे वीस, मग 'डब्ल्यू', मग चाळीस. मिस्त्रींना एकदा विचारले, "याचा अर्थ काय?" ते म्हणाले, "अर्थ कशाला पाहिजे तुला? डबा ओळखता आला की झालं." तो अर्थ कळायला पुढे सात-आठ वर्षे आणि एका सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी लागली. आज तो आपल्याला फुकट सांगणार आहोत!

आमच्यासमोर बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या दाराशी एखादी जुनी लहान गाडी असेल. उदाहरणासाठी आपण मारुती ८०० घेऊ. १९८३ सालच्या डिसेंबरात ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. म्हणजे या घराण्यातले सर्वांत धाकटे भावंडसुद्धा आता दहा वर्षांपलीकडे गेले आहे. तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे हे इंजिन चिवट आहे. पण चिवट माणसाकडे जसे घरात कोणी लक्ष देत नाही, तसेच या इंजिनाचे होते.

आता तेल इंजिनात करते तरी काय? आपण म्हणाल, वंगण. बैलगाडीच्या आखाला घालतो तसेच. ते खरे, पण तेवढेच नव्हे. इंजिनाच्या दांड्याची म्हणजे क्रँकशाफ्टची फेरी मिनिटाला तीन हजार असली, तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर जाऊन खाली येतो. दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यामधली फट केसाहूनही बारीक असते. त्या फटीत पंपाने दाबलेले तेल असते आणि दांडा त्या तेलावर तरंगत फिरतो. सर्व ठीक असेल तर लोखंडाला लोखंड लागतच नाही. शिवाय पाणी जिथे पोहोचत नाही अशा पिस्टनच्या पोटाची आणि बेअरिंगांची उष्णता तेलच वाहून नेते. पिस्टनच्या रिंगांची उरलेली फट तेच बुजवते, गंज अडवते, आणि जळणाची काजळी स्वतःच्या अंगावर घेते. म्हणून नवे तेल हजारभर किलोमीटरांत काळे झाले, की मिस्त्रीने फसवले असे समजू नका. घर झाडून निघालेल्या केरसुणीला आपण मळकी म्हणून नावे ठेवतो काय?

पण केरसुणीही झिजते. तेलात मिसळलेली रसायने, म्हणजे काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, झीज अडवणारी, ही सारी हळूहळू खर्ची पडतात. आणि ती केवळ धावण्याने खर्च होत नाहीत. एक गोष्ट आम्हांला प्रथम कळली तेव्हा खरी वाटली नव्हती: एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपाने धुराड्यातून निघून जाते. सकाळी थंड गाडीच्या नळीतून थेंब गळतात ते तेच. पण थोडी वाफ आणि थोडे न जळलेले पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली चेंबरात उतरते. गाडी अर्धा-पाऊण तास चांगली धावली, तर तेल तापून हे सारे उडून जाते. घर ते भाजीबाजार आणि भाजीबाजार ते घर एवढीच फेरी असली, तर ते तेलातच राहते आणि त्याचे आम्ल होते. म्हणूनच "आमची गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही, तेल कशाला बदलायचे?" हा प्रश्न उलटा आहे. थोडी चालते, म्हणूनच तारखेने बदलायचे. साध्या खनिज तेलाला पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांतले जे आधी येईल ते, असा नियम आम्ही जुन्या गाड्यांना लावत आलो आहोत. आपल्या गाडीची पुस्तिका जवळ असेल, तर तिचा शब्द आमच्या शब्दाहून मोठा समजावा.

आता डब्यावरचे आकडे. वीस डब्ल्यू-चाळीस यातला 'डब्ल्यू' म्हणजे वजन नव्हे; तो हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचा पहिला वर्ण आहे. डाव्या बाजूचा आकडा थंडीतले वागणे सांगतो, उजवीकडचा आकडा तापल्यावरचे. खोबरेलाची बाटली आठवा. मे महिन्यात ते पाण्यासारखे वाहते आणि माघात काडीने उकरावे लागते. इंजिनाच्या तेलालाही तोच स्वभाव आहे, फक्त इतका टोकाचा नाही. डावा आकडा जितका लहान, तितके ते थंडीत लवकर वाहते. उजवा जितका मोठा, तितके ते शंभर अंश तापमानालाही दाट राहते. पाच डब्ल्यू-तीस हे थंडीतही चपळ आणि तापल्यावर पातळ. वीस डब्ल्यू-पन्नास हे दोन्ही वेळी दाट.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा डाव्या आकड्याला महत्त्व नाही असे पुष्कळजण मानतात. ते अर्धेच खरे आहे. रात्रभर उभ्या गाडीतले तेल खाली चेंबरात उतरलेले असते. सकाळी किल्ली फिरवल्यावर ते वरच्या टोकापर्यंत चढायला काही क्षण लागतात, आणि इंजिनाची झीज याच क्षणांत अधिक होते. म्हणून तेल गरजेपुरतेच दाट हवे. जुन्या कार्बुरेटरवाल्या ८०० ला आपल्या हवेत वीस डब्ल्यू-चाळीस पुष्कळ वर्षे घातले गेले आणि त्यावर त्या गाड्या उत्तम चालल्या. पुढच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांना पुस्तिकेत पातळ तेल सांगितले असेल, तर तेच घालावे.

आकड्यांशेजारी आणखी दोन अक्षरे असतात. त्यांतले पहिले 'एस' असले तर ते पेट्रोलच्या इंजिनासाठी आणि 'सी' असले तर डिझेलच्या, असे मोघमपणे धरून चाला. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितकी कसोटी नवी. 'एसएन' २०१० सालची, 'एसपी' २०२० सालची. नवी कसोटी उतरलेले तेल जुन्या गाडीला सहसा चालते. एक सावधगिरी मात्र फियाटसारख्या जुन्या घडणीच्या गाड्यांसाठी सांगितली पाहिजे. त्यांच्या झडपांच्या टॅपेटांना जस्त-फॉस्फरसाच्या संयुगाचा आधार लागतो. धुरातले विष कमी करणाऱ्या उत्प्रेरकाला फॉस्फरस बाधतो, म्हणून नव्या पातळ तेलांत त्याचे प्रमाण उतरवलेले आहे. चाळीस-पन्नासच्या दाट तेलांना ती मर्यादा तशी लागू नाही. तेव्हा फियाटवाल्यांनी पातळ तेलाच्या मोहात न पडणेच बरे.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेतला पाहिजे: "गाडी म्हातारी झाली, आता दाट तेल घाला." इंजिन तेल खात असेल, गरम झाल्यावर तेलाचा दाब कमी पडत असेल, तर एक पायरी दाट तेल घालून काही काळ निभावता येते. परंतु दाट तेलाने झिजलेली रिंग पुन्हा भरत नाही. ते दुखणे झाकते, बरे करीत नाही. तसेच सिंथेटिक तेलाचे. ते चांगलेच असते. ते जुने सील खाते ही भीती आता धरण्याचे कारण नाही. फार तर आधीच फाटलेल्या जागेतून पातळ तेल लवकर बाहेर येते आणि गळती उघडी पडते. पण महाग तेल घालून ते दोन वर्षे न बदलणे यापेक्षा साधे तेल वेळेवर बदलणे हे जुन्या गाडीला अधिक मानवते. आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झालेले इंजिन धुण्यासाठी बाजारात जी औषधे मिळतात, ती सपाट्याने वापरू नयेत. आत साचलेला गाळ एकदम सुटला, तर पंपाच्या तोंडाची जाळी तुंबते. त्यापेक्षा हजार-दीड हजार किलोमीटरांनी दोन-तीनदा तेल आणि फिल्टर बदलावे. इंजिन सावकाश स्वच्छ होते.

हे सारे ज्ञान आमच्यापाशी असताना आमच्याच हातून काय घडले, ते आता सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी संघटनेने एक जुनी ८०० घेतली. कारखान्यातली पाळी सांभाळून एक तरुण कार्यकर्ता ती चालवीत असे. नाशिकजवळच्या एका कारखान्याच्या फाटकावर सभा होती. निघण्याआधी महिनाभर त्याने आम्हांला दोनदा सांगितले होते, "अण्णा, ऑइल बदलायला झालंय. कमी पण दिसतंय." आम्ही म्हणालो, "ही सभा होऊ दे, मग बघू." कसारा घाटाच्या वळणांवर लाल दिवा मिणमिणू लागला. तो म्हणाला, "थांबू या." आम्ही म्हणालो, "चढ संपू दे." चढ संपण्यापूर्वी इंजिनातून ठकठक सुरू झाली, आणि मग ते थांबले ते कायमचेच. बेअरिंगे जळून दांड्याला चिकटली होती. फाटकावर दुसऱ्या पाळीचे लोक दोन तास उभे राहून घरी गेले. त्यांची मागणी होती ती यंत्रांच्या देखभालीचीच! नादुरुस्त यंत्राबद्दल कामगार सांगतो आणि वरचा माणूस "हा महिना जाऊ दे" म्हणतो, ही ती तक्रार. त्या दिवशी कसारा घाटात वरचा माणूस आम्ही होतो. पोराने आम्हांला उलटून शब्द विचारला नाही, हे अधिक लागले.

म्हणून सांगतो: लाल दिवा हा तेल संपत आल्याची आगाऊ सूचना नव्हे, दाब गेला आहे, हा निकाल आहे. तो दिसताक्षणी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचे. पुढचे गाव, पुढचे गॅरेज, चढाचा शेवट हे शब्द त्या वेळी विसरायचे.

तेल बदलणे अवघड नाही, पण क्रम पाळावा. पाच-दहा मिनिटे गाडी चालवून तेल कोमट करावे, म्हणजे गाळ तरंगून तेलाबरोबर बाहेर येतो. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढलेला. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये आणि कोणाला जाऊ देऊ नये; खड्डा असावा, नाही तर भक्कम घोडे लावावेत. भरण्याचे झाकण आधी उघडावे, मग चेंबरचा नट. तेल धारेने, मग थेंबांनी निथळू द्यावे. पोऱ्याला घाई करू नये. नटाचा वायसर नवा घालावा आणि नट आवळताना पैलवानी दाखवू नये, कारण चेंबरचे आटे गेले की खर्च तेलाच्या कितीतरी पट होतो. फिल्टर काढल्यावर त्याचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. एकावर एक दोन कडी बसली, तर गाडी सुरू होताच सारे तेल रस्त्यावर येते. हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. नव्या कड्याला तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच बसवावा, आणि कडे टेकल्यावर पाऊण फेरा आवळावा.

८०० ला तेल तीन लिटरांच्या आतबाहेर लागते. पण डबा रिकामा करणे हे माप नव्हे, माप म्हणजे डिपस्टिक. थोडे कमी भरून इंजिन सुरू करावे. लाल दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. मग इंजिन बंद करून, पाच मिनिटे थांबून, काठी पुसून पुन्हा घालून पाहावी आणि वरच्या खुणेपर्यंत भर घालावी. खुणेच्या वर तेल गेले, तर फिरता दांडा ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसावर दांडा तरंगत नाही. रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडावे, कारण चांगल्या नावाच्या डब्यांत वाईट तेल भरून विकणारे लोक आहेत, आणि त्यांना डबा आपणच पुरवतो.

पंधरा दिवसांतून एकदा सकाळी काठी पाहण्याची सवय ठेवावी. तेल दुधाच्या चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरते आहे; हेड गॅस्केट तपासावी. नुसत्या झाकणाखाली पांढुरका साका असेल, तर बहुधा तो लहान फेऱ्यांचा दोष असतो. आणि भर न घालता तेल वाढलेले दिसले, काठीला पेट्रोलचा वास आला, तर आनंद मानू नका. कार्बुरेटरच्या गाडीत इंजिनावर बसवलेल्या पेट्रोलपंपाचा पडदा फाटला, की पेट्रोल तेलात उतरते. तशी गाडी चालवणे धोक्याचे आहे.

एवढ्यावर विषय संपला असता. पण काढलेल्या तेलाचे काय? गॅरेजात आम्ही कोपरापर्यंत काळ्या हातांनी वावरत होतो आणि संध्याकाळी पेट्रोलने हात धूत होतो. कोणी नको म्हटले नाही. पुढे वाचनात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांची हकीकत आली. तिथे 'म्यूल' नावाच्या यंत्रांवर सूत कातणाऱ्या कामगारांच्या कपड्यांवर चात्यांचे खनिज तेल वर्षानुवर्षे उडत असे आणि त्या तेलाने कातडीचा कर्करोग होत असे. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२ साली ते छापून मांडले. त्या कामगारांच्या तपासणीचे आणि निर्धोक तेलाचे खास नियम व्हायला १९५३ साल उजाडले. मध्ये एकतीस वर्षे गेली. आमच्या वडिलांच्या कपड्यांनाही चात्यांच्या तेलाचा वास असे. तो आम्हांला लहानपणी घरचा वास वाटे.

आजचे नवे तेल पुष्कळ शुद्ध केलेले असते. पण पेट्रोलच्या इंजिनातून निघालेल्या तेलात जळणातली घातक द्रव्ये साठतात, आणि असे तेल कातडीला लावल्याने उंदरांना गाठी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. हेच जळके ऑइल आपण वाळवीसाठी वाशांना लावतो, सेंट्रिंगच्या फळ्यांना उघड्या हातांनी फासतो, नाही तर गटारात ओततो. २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यात आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करवण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकली आहे. कायदा कागदावर आला. तो गॅरेजाच्या दारापर्यंत आणायचा तर ग्राहकाने विचारले पाहिजे. तेल कोणाला देता? परवान्याच्या गोळा करणाऱ्याला देता का? पोऱ्याला हातमोजे आहेत का? साबण आहे का? आणि तो पोऱ्या शाळेच्या वयाचा तर नाही ना?

आम्ही गॅरेजवाल्यांच्या विरुद्ध बोलत नाही; त्यांतल्या अनेकांनी आम्हांला पोटाशी धरले. हातमोज्यांची एक जोडी आणि साबणाची एक वडी यांची किंमत तेलाच्या डब्यापुढे काहीच नाही. ती बिलात धरली, तर आपण कुरकुर करू नये, एवढेच मागणे आहे.

उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी काठी काढून पाहा. आणि गाडीखाली आडवा झालेला मुलगा "ऑइल बदलायला झालंय" म्हणाला, तर त्याचे ऐका. आम्ही ऐकले नाही, त्याचे फळ कसारा घाटात मिळाले.